उत्तरेचा माणूस

त्या शनिवारी संध्याकाळी घरामागच्या नदीतून मी एक माणूस बाहेर ओढला, आणि ओढता ओढता त्याला शिव्याही घातल्या. दोन्ही एकदम करायची मला सवय आहे. आई गेल्यापासून खाणीने थकवलेला बाप आणि खाणीत राबणारा भाऊ सांभाळायचे म्हणजे हात आणि तोंड दोन्ही चालू ठेवावं लागतं, नाहीतर घर बुडतं.

नदी कसली, कोळसा धुऊन आलेलं काळं पाणी. पण जानेवारी होता, आणि तो गडी झाडाच्या मुळ्या धरून कमरेइतक्या पाण्यात उभा होता. ओठ निळे पडले होते. अंगावर उंटाच्या रंगाचा भारी ओव्हरकोट, त्यातून पाणी निथळत होतं. तो कोट बघितला आणि माझं डोकं फिरलं. असा कोट घालून वेल्समधल्या आमच्या नांटहेलिग गावात एकच जात यायची. उत्तरेचा माणूस.

आमच्या खोऱ्यात उत्तरेचा माणूस आला म्हटलं की पाळण्यातलं पोरसुद्धा मुठी वळायचं. रग्बी आमच्याकडे पंधरा जणांची, आणि फुकटची. शनिवारी हाडं मोडून घ्यायची, सोमवारी खाणीत उतरायचं, बदल्यात गावाने पाठीवर थाप मारायची. तिकडे इंग्लंडच्या उत्तरेला तेरा जणांचा खेळ, आणि पगारी. तिकडचे दलाल पावसाळी आळंब्यांसारखे आमच्या मैदानांभोवती उगवायचे आणि चांगली पोरं उचलून न्यायचे. गेला तो गेला. पुन्हा आयुष्यात पंधरांचा खेळ नाही, वेल्सची लाल जर्सी नाही, कुठल्याही क्लबाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. दलालाशी नुसतं बोलताना दिसला तरी तीच शिक्षा. आणि देशाकडून निवडला गेला की जी मखमली टोपी मिळते, ती ज्याच्या नशिबात होती त्याच्या नशिबातून कायमची पुसली जायची.

ती टोपी त्या हिवाळ्यात माझ्या भावाच्या डोक्याच्या हातभर वर तरंगत होती. एल्वेद स्क्रममधून, म्हणजे दोन्ही संघांचे गडी खांदे भिडवून रेटतात त्या घोळक्यातून, चेंडू काढून मागे देणारा. जागा छोट्या चणीच्या माणसाची, पण सगळा खेळ त्याच्या मनगटात. वेल्सच्या संघात त्या जागेवर खेळणाऱ्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, आणि पेपरवाले आमच्या एल्वेदचं नाव घ्यायला लागले होते. म्हणजे निवड समितीचे साहेब केव्हाही येऊन गुपचूप बघून जाणार. आणि दलालही येणार, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून क्लबाचे सेक्रेटरी हेडनकाका यांनी पहारे बसवले होते. हेडनकाका लोहार. हात असे, की हस्तांदोलन केलं तर बोटं मोजून घ्यावीत. त्या दिवशी सामना चालू असताना हा कोटवाला लोकांना विचारत फिरला: पोरगा कुठे राहतो, दारू पितो का, स्वभावाने कसा आहे. बस्स. सामना संपल्यावर काका आणि आणखी पाचसहा जणांनी त्याला पुलावर नेला आणि वरून सोडून दिला.

"मी... निवड समितीचा," काठावर आल्यावर तो मला म्हणाला. दात वाजत होते.

"हो का? मागच्या महिन्यात आलेला म्हणे थडगी घडवतो," मी म्हटलं. "त्याच्या आधीचा पेपरवाला होता. तुम्हा मेल्यांना स्वतःचा धंदा सांगायला लाज वाटते, तर करता कशाला?"

पण शिव्या एकीकडे आणि माणूस मरू देणं एकीकडे. त्याला स्वयंपाकघरात आणला, कोट उतरवून घेतला, बाबांचा फ्लॅनेलचा सदरा दिला, वर घोंगडी. शेगडीसमोर आमचा आंघोळीचा पत्र्याचा टब होताच. त्यात गरम पाणी आणि मोहरीची पूड घालून त्याचे पाय बुडवले. तो मुकाट्याने बसला. साठीचा असेल. मान बैलासारखी. डाव्या कानाचा वरचा अर्धा भागच नव्हता.

खरं सांगायचं तर मला राग होता त्यापेक्षा भीती जास्त होती. कारण एल्वेदचं जे मला माहीत होतं ते गावाला माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात खाणीत छत कोसळलं तेव्हा एल्वेदच्या शेजारी त्याचा जोडीदार पेन्री होता. एल्वेदने त्याला हातांनी उकरून काढला. काढला तेव्हा तो गेलेला होता. लोक म्हणाले, पोरगा वाघ आहे, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली उतरला. उतरला खरा. पण तेव्हापासून कामावर जायच्या आधी तो परसातल्या संडासामागे जाऊन ओकायचा. शेजाऱ्यांना आणि बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून मी बादल्या आपटायचे. हे आमच्या दोघांतच होतं, आणि त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो. फक्त त्या गुरुवारी तोंड पुसत तो म्हणाला होता, "ताई, आता जो कोणी उत्तरेचा येईल ना, त्याला मी हो म्हणणार. तिकडे मैदानावरचं गवत कापायचं काम देतात. उघड्यावरचं."

खोऱ्यात दुसरं काम नव्हतं. असलेलं काम सोडणाऱ्याला लोक वेडा म्हणाले असते, आणि घाबरून सोडणाऱ्याला जे म्हणाले असते ते मी लिहीत नाही. मी त्याला एवढंच म्हटलं होतं, अरे, टोपीपर्यंत तरी थांब. तो डबा उचलून कामावर गेला होता.

आणि आता तोच उत्तरेचा माणूस माझ्या शेगडीसमोर पाय शेकत बसलेला. एल्वेद यायच्या आत याला कपडे घालून मागच्या दाराने हाकलायचा, असं ठरवून मी त्याचा शर्ट चुलीवर धरला होता. तेवढ्यात जिन्यावर बाबांची पावलं वाजली.

बाबांच्या छातीत खाणीची धूळ भरलेली. एक जिना उतरायचा तर मध्ये दोनदा थांबायचे. रग्बी म्हणजे त्यांचा दुसरा धर्म, आणि रविवारी प्रार्थनेत झोप लागली की पहिला. उत्तरेला गेलेल्या सख्ख्या पुतण्याचं नाव त्यांनी घरात घेऊ दिलं नव्हतं. मी म्हटलं, आता हा म्हातारा याला टबासकट बाहेर फेकणार. पण बाबा दारातच थबकले. त्या माणसाच्या कानाकडे बघत राहिले. मग हळूच डोक्यावरची टोपी काढली.

"पोरी," ते म्हणाले, "हा कान तुटला तेव्हा मी कुंपणाला टेकून उभा होतो. हे गेथिन आहेत. मोठ्या लढाईच्या आधी वेल्सच्या संघात पहिल्या रांगेत खेळलेले. आता निवड समितीवर आहेत."

देशाचा संघ निवडणाऱ्या माणसाला माझ्या गावाने नदीत फेकला होता आणि मी त्याला मेल्या म्हटलं होतं. धरणी दुभंगती तर बरं झालं असतं. गेथिनसाहेब मात्र एवढंच म्हणाले, की बाई, कढण आहे का काही? कांद्याची पात घातलेलं मटणाचं कढण होतं. वाडगाभर दिलं. ते त्यांनी पिऊन टाकलं आणि म्हणाले, पोराचा खेळ बघून झाला, खेळाबद्दल विचारायचं काही उरलं नाही, फक्त एकदा त्याच्याशी बोलायचंय.

तेव्हा मला खरं भय कळलं. नदीचं काय, ती वाहून गेली. क्लबात आत्ता हेडनकाका ग्लास आपटत सांगत असणार की उत्तरेच्या दलालाला बुडवला, आणि इल्टिडच्या पोरीने, म्हणजे मी, दया येऊन त्याला घरात घेतला. एल्वेद ते ऐकत असणार. त्याला वाटणार, ज्याची वाट बघत होतो तो घरी येऊन बसलाय. तो धावत येणार आणि या माणसासमोर, सगळ्या जगात नेमक्या याच माणसासमोर, तोंड उघडणार.

मी म्हटलं, साहेब, तुम्ही वर जाऊन जरा आडवे व्हा. ते म्हणाले, बरा आहे इथेच. मी म्हटलं, मी जरा शेजारून साखर घेऊन येते. एल्वेदला दारातच गाठायचं होतं. बाबा म्हणाले, साखर आहे की डब्यात, पाहुण्याला आणखी पाणी घाल, गार झालं असेल. म्हाताऱ्या माणसांना नको तेव्हाच घरातलं सगळं दिसतं. मी मोठी किटली उचलली, दोन्ही हातांनी, उकळत्या पाण्याची, आणि तेव्हाच पुढचं दार उघडलं.

एल्वेदच्या गालावर अजून चिखल होता. पळत आला होता. त्याने आधी टबातले पाय बघितले, मग घोंगडी, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते मला आजही बघवत नाही. सुटका झाल्यासारखं तोंड.

"एल्वेद," मी घाईघाईने म्हटलं, "हे निवड समितीचे साहेब आहेत."

तो हसला. "तुलाही तेच सांगितलं? क्लबात सगळे पोट धरून हसतायत त्यावर."

"अरे, खरंच. बाबांना विचार."

बाबा बोलायला गेले आणि त्यांना खोकला आला. तो एकदा लागला की थांबायचा नाही. ते भिंतीला धरून हात हलवत होते, आणि एल्वेदला वाटलं की ते त्याला अडवतायत, रागावलेत.

"ऐकू दे, बाबा. तुमच्या पाठीमागे करण्यापेक्षा बरं." आणि तो त्या माणसासमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, गावाने केलं त्याची माफी मागतो. पण लवकर बोलू, पुन्हा कोणी येईल. मी तयार आहे. सही आज घ्या, उद्या घ्या, कुठलाही क्लब असू दे. मला फक्त इथून न्या."

मी किटली कशीतरी खाली टेकवली, थोडं पाणी पायावर सांडलं, ते नंतर कळलं. बाबांचा खोकला थांबला होता.

गेथिनसाहेब टबातल्या पाण्याकडे बघत होते. तसेच बघत ते म्हणाले, "पोरा, तुझ्या गावाने माझ्या कानांत नदी भरली आहे. त्यातून हा एक अर्धाच. तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही."

"गेथिन आहेत ते," बाबा म्हणाले. आवाज कसला, फक्त वारा.

एल्वेदने तो कान बघितला. वेल्समधल्या कुठल्याही पोराला तो कान कुणाचा हे सांगावं लागत नाही. त्याचा रंग उतरला आणि तो तसाच उभा राहिला, हात लोंबकळत. मला वाटलं, सुटलो. देवमाणूस आहे, ऐकू न आल्याचं पाण्यावर ढकललं. आता याने फक्त गप्प बसायचं, मान खाली घालायची, आणि साहेबांनी जायचं.

पण साहेबांनी पाय टबातून काढले, पुसले, आणि खुर्चीत सरळ बसले.

"आता ऐकू येतंय," ते म्हणाले. "म्हणून जपून बोल. ती जर्सी घालायला मिळावी म्हणून माणसं जन्मभर झुरतात. एक विचारतो. मी तुझं नाव पुढे केलं, तर पुढच्या हिवाळ्यात तू या खोऱ्यात असशील?"

खोटं बोल, मी मनात म्हणत होते. अरे गाढवा, एकदा खोटं बोल, तीन अक्षरांचं खोटं. असेन म्हण. पुढच्या हिवाळ्याचं पुढच्या हिवाळ्यात. त्याच्या नजरेला नजर भिडवून मी मान हलवली सुद्धा. त्याने बघितलं माझ्याकडे. मग बाबांकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला.

"का?"

"मला खाली उतरता येत नाही, साहेब. उतरतो, पण... माणसं उतरवणारा पिंजरा खाली जायला लागला की मला पेन्रीचा हात दिसतो. रोज. मी ओकतो. ताईला माहीत आहे." तो बाबांकडे बघत नव्हता आता. "मी भ्यालोय. जर्सी पाहिजे मला. लहानपणापासून दुसरं काही मागितलं नाही. पण तिच्यासाठी मी आणखी एक वर्ष खाली काढू शकणार नाही. खोटं सांगितलं असतं, पण तुम्ही आत्ता माझ्यासाठी खोटं बोललात."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, साहेब, मग त्याला जमिनीवरचं काम मिळवून द्या की, खाणीचे दिवे देतात त्या खोलीत, कचेरीत, कुठेही, तुमच्या काय कमी ओळखी असतील? साहेब शांतपणे म्हणाले, की खेळाडूला खेळतो म्हणून काम मिळवून देणं हाही पगारच धरतात. तो बाहेर आणि मीही बाहेर. आणि आत्ता जे ऐकलं ते वर कळवलं नाही, तरीही मी बाहेर.

"मग तो तुमचा नियम चुलीत घाला," मी म्हटलं. "चूल पेटलेलीच आहे."

मला वाटलं, आता बाबांचा स्फोट होणार. ज्या माणसाने पुतण्याचं नाव पुसलं, तो मुलाचं काय करील? बाबा भिंत सोडून हळूहळू चालत आले, टबाला वळसा घालून, आणि एल्वेदच्या समोर उभे राहिले. श्वास गोळा करायला त्यांना वेळ लागला.

"मलाही भीती वाटायची," ते म्हणाले. "रोज. चाळीस वर्षं."

एवढंच. मग ते बाजूच्या खुर्चीत बसले आणि एल्वेदने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, असला कर्तासवरता बाप्या. मी भांडी आवरायला घेतली, कारण दुसरं काय करणार. गेथिनसाहेबांनी ओला शर्ट घातला, ओला कोट चढवला. मी म्हटलं, थांबा, सुकू द्या, न्यूमोनिया होईल. ते म्हणाले, गाडी चुकेल. दारात त्यांनी एल्वेदकडे वळून बघितलं, कोटाची कॉलर सारखी केली आणि निघून गेले. काय ठरवलं याचा पत्ता नाही.

तो आठवडा कसा काढला ते आमचं आम्हाला ठाऊक. साहेबांनी तोंड उघडलं तर टोपी गेलीच, वर एल्वेद गावातून उठला, आणि उत्तरेचा कोणी अजून आलाही नव्हता. ना घर का ना घाट का. तो कामावर जात होता, मी बादल्या आपटत होते. फरक एवढाच की आता बाबाही जागे राहून खोकत होते, मुद्दाम, मोठ्याने, शेजाऱ्यांना दुसरं काही ऐकू जाऊ नये म्हणून.

सोमवारपर्यंत गावाला कळलं नदीत कोण गेलं ते. स्टेशनमास्तरने ओला कोट आणि अर्धा कान दोन्ही ओळखले होते. हेडनकाकांच्या पाचावर धारण बसली. टोपी हातात घेऊन ते आमच्या मागच्या दारात आले आणि तो लोखंडी माणूस रडायचाच बाकी राहिला. साहेब फार चिडले होते का? काही म्हणाले का? गाव त्यांना तोंड दाखवू देत नव्हतं. जो तो म्हणत होता, लोहाराने पोराची टोपी नदीत बुडवली. बायकोसुद्धा बोलत नव्हती. मला खरं सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, काका, तुमच्यामुळे काही होणार नाही, जा. त्यांना वाटलं मी दिलासा देतेय. मी खरं तेच सांगत होते.

शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने वेल्सचा संघ छापलेला पेपर यायचा होता. सगळा गाव स्टेशनवर. मी गेले नाही. मी ओट्यावर पीठ मळत बसले, मनुके घातलेले केक तव्यावर टाकायचे होते. आधी काहीच ऐकू आलं नाही. शांतता इतका वेळ टिकली की मी हात थांबवले आणि म्हटलं, संपलं. आणि मग खालून एक आवाज उठला, तसा आवाज मी नंतर दुसरं महायुद्ध संपलं त्याच दिवशी ऐकला. हेडनकाका एल्वेदला खांद्यावर घेऊन चढ चढून आले आणि आमच्या दारात त्याला उतरवताना स्वतःच खाली बसले.

का घेतला साहेबांनी त्याला? मला आजवर कळलेलं नाही. लोक म्हणतील, मनाचा मोठेपणा. मला वाटतं, त्या पोराइतका चांगला त्या जागेवर दुसरा नव्हता, आणि म्हातारा आधी खेळाडू होता, साहेब नंतर झाला. पुढच्या वर्षी समितीवरून त्यांचं नाव गेलं. कशामुळे, ते कोणी सांगितलं नाही.

बाबांना आम्ही खुर्चीत बसवून कार्डिफला नेलं. एल्वेद बोगद्यातून लाल जर्सी घालून बाहेर आला तेव्हा सगळं मैदान गात होतं आणि बाबा गाऊ शकत नव्हते, नुसते ओठ हलवत होते. मी रडले, सांगायला लाजत नाही. सामना आम्ही हरलो, थोडक्यात.

मार्चमध्ये खरा दलाल आला. उंटाच्या रंगाचा कोट नाही, काही नाही. साधी टोपी, गॅसचा मीटर वाचणाऱ्यासारखा दिसत होता. हेडनकाकांनी मीटरवाला समजून त्याला स्वतः आमच्या घराचा रस्ता दाखवला. सकाळच्या गाडीने एल्वेद गेला. जाताना मखमली टोपी बाबांच्या उशाशी ठेवून गेला.

गाव गप्प झालं. शिव्या दिल्या असत्या तर मी परतवल्या असत्या, पण कोणी नावच काढेना. क्लबातला त्याचा फोटो उतरला. दुकानात मी गेले की बोलणं हवापाण्यावर यायचं. बाबा मात्र रोज तो पत्र्याचा टब बघायचे आणि म्हणायचे, पोरगं उन्हात असेल आता. तिकडे उत्तरेच्या लँकेशायरमध्ये कसलं ऊन, पण मी बोलले नाही.

बाबा गेले ते बऱ्याच वर्षांनी, अंथरुणातच. एल्वेद आला. थोडा जाड झालेला, नाक दोनदा मोडलेलं. आमच्याकडे दफनाला फक्त पुरुष जातात; बायकांनी घरी हॅम कापायचं. नंतर पुरुष क्लबात बसतात आणि आम्ही ताटं नेऊन दारात द्यायची, आत जायचं नाही. मी ताटं घेऊन पोचले तर एल्वेद रस्त्यात उभा. शवपेटीला त्याने सगळ्यांबरोबर खांदा दिला होता. पण क्लबाच्या पायरीशी सगळे आत गेले, आणि तो थांबला; पगारी झालेल्याला तो उंबरा बंद होता.

"चल घरी," मी म्हटलं.

"येतो गं. जरा आतला आवाज ऐकतो."

पाऊस भुरभुरत होता. मला असा संताप आला, की ताटं त्या दारावर फेकून मारावीत. तेवढ्यात दार उघडलं आणि हेडनकाका बाहेर आले. म्हातारे झालेले, हातात दोन ग्लास. त्यांनी एल्वेदकडे बघितलं नाही. रस्त्याकडे बघत म्हणाले, "आत फार धूर झालाय."

मग त्यांच्यामागून दुसरा आला. त्यालाही धूर लागत होता. मग तिसरा, मग चौघे एकदम, खोकल्याचं नाटक करत. कोणी बाक आणला, कोणी भिंतीला टेकलं. शेवटी अख्खा क्लब रस्त्यावर, पावसात, ग्लासात पाणी पडतंय, आणि आत बार रिकामा.

हेडनकाकांनी दुसरा ग्लास एल्वेदच्या हातात दिला आणि त्याच्याकडे पहिल्यांदा बघितलं.

"मला एक सांग," ते म्हणाले. "कार्डिफला, त्या शेवटच्या स्क्रमला तू उजवीकडे का गेलास?"

एल्वेद त्यांच्याकडे वळला. "डावीकडे जागाच नव्हती, काका."

"होती," हेडनकाका म्हणाले. "मी बघत होतो."

"अहो नव्हती!" दुसरा कोणीतरी म्हणाला, आणि मग सगळेच बोलायला लागले.